पोल्वोतागो हा शब्द कोणी बनवला

फोन आला तेव्हा मी कफ सिरपचं खोकं फोडत होते. संध्याकाळची वेळ, दुकानात गर्दी. पलीकडच्या माणसानं आधी माझं नाव विचारलं, मग मिस्टरांचं. ते पोलिसांच्या कॅम्पवर आहेत, ठीक आहेत, उद्या सकाळी तुम्हाला यावं लागेल, असं त्यानं सांगितलं. ठीक आहेत हे पुन्हा एकदा सांगितलं, तेव्हा मला काळजी वाटायला लागली.

"अपघात झाला का?"

"नाही मॅडम. त्यांच्या मोबाईलमध्ये मेसेज आहेत. भाषा कोणाला कळत नाही. तुम्हाला कळते, असं ते म्हणतात."

मी खोकं तसंच ठेवलं आणि समोरच्या बाईंना ओआरएसची पाकिटं दिली.

माझं चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात मेडिकल आहे. मिस्टर दुकानात बसत नाहीत, त्यांना बसवत नाही. ते मोटरसायकलवर माल बांधून एटापल्लीकडे जातात आणि तिथल्या लहान दुकानांना औषधं पोचवतात. ताप, जुलाब, खरूज, लोह, एवढाच माल. बिलं सोबत असतात. त्या रस्त्यावर पोलिसांची नाकाबंदी नवी नाही, आणि मिस्टरही तिथं नवे नाहीत. पिशवी उघडायची, बिलं दाखवायची, पुढं जायचं. या वेळी कोणी तरी नव्या माणसानं मोबाईलही मागितला. कोणत्या देशाची भाषा आहे, असं विचारल्यावर मिस्टरांनी खरं ते सांगितलं, की कोणत्याच देशाची नाही. त्या रस्त्यावर याहून वाईट उत्तर मला तरी सुचत नाही.

भाषा एस्पेरांतो. मिस्टर चंद्रपूरला कॉलेजात होते तेव्हा त्यांना लायब्ररीत एक पुस्तक सापडलं आणि त्यांनी टपालानं अभ्यासक्रम मागवला. लोक बुद्धिबळाच्या नादी लागतात, हे भाषेच्या लागले. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पोलंडकडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरानं ती बनवली, जगातल्या माणसांना एकमेकांशी बरोबरीनं बोलता यावं म्हणून. मला त्या हेतूचं फार काही नव्हतं. लग्न झाल्यावर घरात सासू, नणंद आणि दोन खोल्या. नवऱ्याशी चार वाक्यं कोणाला न कळता बोलायची सोय म्हणून मी शिकले. फार्मसी झाल्यामुळे अवघड गेलं नाही. औषधांच्या नावांसारखीच ती भाषा, पुढचा तुकडा, मागचा तुकडा, तुकडे ओळखले की अर्थ निघतो. शिवाय तिच्यात तू आणि तुम्ही यांना शब्द एकच. मिस्टर मला तू म्हणतात, मी त्यांना तुम्ही म्हणते. त्या भाषेत आम्ही सारखे होतो, आणि तेवढं मला आवडायचं.

ती भाषा येणारा आमच्याकडे तिसराही एक माणूस होता. त्या रात्री मला झोप लागली नाही ती त्याच्यामुळे.

तो एटापल्ली तालुक्यातल्या एका आतल्या गावचा, माडिया. काही वर्षांपूर्वी पोलिसांची एक तुकडी त्याच्या अंगणात पाणी प्यायला थांबली. त्यानं पाणी दिलं. एवढ्यावरून तो पोलिसांना खबर देतो, असं जंगलात बंदूक घेऊन फिरणाऱ्यांनी ठरवलं. आमच्याकडे त्यांना नुसतं आतले म्हणतात. धमकीची चिठ्ठी आली आणि तो गाव सोडून मूलला आला. दिवसा राईस मिलमध्ये काम, आणि दुकानामागची आमची खोली भाड्यानं. मिस्टरांनी त्याला भाषा शिकवायला घेतली तेव्हा मी म्हटलं, आधी त्याला जेवू द्या. पण तोच मागं लागला. मराठी बोलताना मिलमधली पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करत. एकदा मी त्याला विचारलं, तुला याचा उपयोग काय रे. तो म्हणाला, "हे कोनाच्याच मायची भाषा नाई न जी बाई. मंग कोन हासन मले?"

पुढं तिकडचं वातावरण निवळलं. आतले बरेच शरण आले, उरलेल्यांचं कोणी नीट सांगत नाही. त्याचा बाप थकला होता, म्हणून तो गावी परत गेला. त्याच्या गावाजवळून आता सूरजागडच्या खनिजाचे ट्रक जातात. मिस्टर त्या बाजूला गेले की त्याच्याकडे डोकावत. अशाच एका उन्हाळ्यात ते त्याच्या अंगणात बसले होते. अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली. ट्रकांची रांग लागली आणि लाल धूळ उठली. त्याची बायको आणि आई धावत आल्या आणि फुलांवर जुनी लुगडी पसरायला लागल्या. धूळ बसलेला मोह कोणी विकत घेत नाही, आणि देवालाही तो चालत नाही. ट्रक थांबेनात, लुगडी काढता येईनात, मिस्टरांनाही मोटरसायकल रस्त्यावर घालवेना. तेव्हा तो म्हणाला, आज पोल्वोतागो. धुळीचा दिवस. मोह झाकायचा आणि पाहुण्यानं मुक्काम करायचा.

मिस्टरांना शब्द इतका आवडला की त्यांनी तो घरी आणला. त्यानंतर रस्ता खराब असला की टेकाडावर रेंज मिळते तिथून मला मेसेज यायचा: आज पोल्वोतागो, उद्या येतो. मी स्वयंपाक कमी करायची. आम्हाला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

सकाळच्या बसनं गडचिरोली, तिथून दुसऱ्या बसनं पुढं. कॅम्पच्या फाटकावर आधार कार्ड दाखवलं. आत वाळूच्या पोत्यांची भिंत, तिच्यामागं पत्र्याची लांब खोली. मिस्टर बाकावर बसले होते. दाढी वाढलेली, बाकी ठीक.

"नाश्ता केला का?" त्यांनी विचारलं. मराठीत. एवढ्या वर्षांत चारचौघांत त्यांनी मला आधी मराठीत विचारलं, असं क्वचितच झालं असेल. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही.

"बसमधी खाल्लं," मी म्हटलं.

साहेब तरुण होते, सांगलीकडचे असावेत. नम्र बोलत होते. शेजारच्या टेबलावर एक आमच्याच भागातला शिपाई रजिस्टर ओढून बसला होता.

"बसा मॅडम. माझी अडचण समजून घ्या. मी यांना विचारलं, ही भाषा कोण बोलतं? तर म्हणाले, मी आणि माझी बायको. आता हे मी वर कसं कळवू?"

"खरंच आहे ते. जगात आणखी लोक आहेत. मूलमध्ये आम्हीच."

"बघितलं मी. इंटरनेटवर भाषा आहे. बाकीचे मेसेज मोबाईलनंच मराठीत करून दिले. डाळ आणा, लाइट गेली, नणंद येऊन बसली आहे, लवकर येऊ नका." शिपाई खाली मान घालून हसला. साहेब हसले नाहीत. "एक शब्द अडलाय. पोल्वोतागो. तो शब्दकोशात नाही. मोबाईल त्याचं धूळ दिवस असं काही तरी करतो. आणि हा शब्द आला की तुमचे मिस्टर त्या दिवशी घरी येत नाहीत. प्रत्येक वेळी. हा दिवस कोण ठरवतं?"

त्यांच्या जागी मी असते तर मलाही हाच प्रश्न पडला असता.

"शब्द फोडून सांगते," मी म्हटलं. "दोन तुकडे आहेत. तागो म्हणजे दिवस. तो जर्मनमधून घेतला. जर्मनमध्ये टाग."

"गुटेन टाग," साहेब म्हणाले. "आम्हाला शाळेत होती जर्मन."

"तेच. पहिला तुकडा पोल्वो, म्हणजे धूळ. त्याचं मूळ लॅटिन, पुल्विस. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर पल्व असं लिहिलेलं असायचं, म्हणजे चूर्ण द्या. तो तुमच्या खिडकीत घामोळ्याच्या पावडरचा डबा आहे ना, तो पावडर शब्दही त्याच घरचा. फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत आला, आणि तिथून आपल्याकडे. दोन तुकड्यांत मागचा मुख्य असतो, पुढचा त्याच्याबद्दल सांगतो. म्हणून हा दिवसच आहे, धुळीचा. दिवसाची धूळ नाही."

साहेबांनी डब्याकडे पाहिलं. त्यांना ते आवडलेलं दिसलं. त्या घरात आणखी एक शब्द आहे, पुल्वो, बंदुकीची दारू. त्याचंही मूळ तेच. तो मी सांगितला नाही. विचारलं असतं तर सांगावा लागला असता. त्यांनी विचारलं नाही.

"म्हणजे तुकडे परदेशातले," ते म्हणाले. "पण जोड शब्दकोशात नाही."

"त्या भाषेत जोड कोणीही करावा, असंच आहे. शब्दकोशात सगळे मावत नाहीत."

"बरोबर. मग हा कोणी केला?"

मी मिस्टरांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

"यांना काल विचारलं," साहेब म्हणाले. "आठवत नाही म्हणाले. तुमच्या डाळीचा भाव आठवतो, शब्दकोशातली पानं आठवतात, आणि हे आठवत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं."

मिस्टर रात्रभर बाकावर का बसून राहिले, ते आता मला कळलं. नाव घेतलं तर त्या माणसाला काही करतील, असं मला वाटत नव्हतं. साहेब सरळ दिसत होते. एक गाडी त्याच्या गावी गेली असती, त्याला विचारलं असतं, त्यानं मोहाचं सांगितलं असतं, गाडी परत आली असती. पण गाडी गेली हे गावानं पाहिलं असतं. पहिल्या वेळी नुसतं पाणी पाजल्यावरून त्याला घर सोडावं लागलं होतं. आतले संपले, असं पेपरात येतं. पण ते खरं की खोटं, हे त्याच्या अंगणात गाडी उभी करून बघायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या बाजूला माझा नवरा बाकावर होता, आणि त्यांची बीपीची गोळी चुकली होती.

"मी केला," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"हो. मूलला राईस मिला आहेत. धान निघालं की मिला रात्रंदिवस चालतात. वारा आमच्या बाजूला फिरला की कोंड्याची धूळ थेट दुकानात येते. काचेचं दार लावावं लागतं, गिऱ्हाईक येत नाही, काम होत नाही. त्या दिवसाला मी पोल्वोतागो म्हणायला लागले. मग काम रद्द झालं की तोच शब्द. पाहुणे आले नाहीत, पोल्वोतागो. यांना यायला जमलं नाही, पोल्वोतागो."

माझा आवाज दुकानात असतो तसाच निघाला. साहेब लिहीत होते. शिपायानं मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आणि असं जमलं नाही की हे मुक्काम कुठं करतात?"

"ते त्यांना विचारा. कुठी थांबलो हे कोणता नवरा बायकोले खरं सांगतो?"

या वेळी साहेबही हसले. एटापल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे थांबतो, असं मिस्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, ते मला मागाहून कळलं. मी दुसरं कोणतं ठिकाण सांगितलं असतं तर आम्ही दोघंही तिथंच बसलो असतो.

दुपारी सोडलं. मोबाईल तपासायला ठेवून घेतला, पुढच्या आठवड्यात न्या म्हणाले. शिपाई आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. मिस्टर मोटरसायकल काढत होते.

"बाई," तो म्हणाला, "मिलचा कोंडा एटापल्लीपर्यंत उडत येते का जी?"

"वारा असला तं येते," मी म्हटलं.

"हव. वारा लय हाय इकडं." त्यानं फाटकाची दोरी सोडली. "आमची बुढी बी मोह झाकते लुगड्यानं."

तो असं का म्हणाला, मला आजही सांगता येत नाही. तो आमच्या बाजूचा होता की मला धमकावत होता, की नुसतंच त्याला घर आठवलं. मागं बसले आणि चला म्हटलं.

चामोर्शीला चहा घेतला. मिस्टरांनी तिथं पहिल्यांदा विषय काढला.

"त्याचा शब्द तू आपल्या नावावर लावून टाकला," ते म्हणाले.

"मग काय करू?"

"नाई आठवत म्हणायचं. मी तेच म्हणून राह्यलो होतो ना."

"नाई आठवत म्हटलं की आठवेपर्यंत बसवतात. गोळी घेतली का काल?"

"गोळीचं नको सांगू मले. त्या बिचाऱ्याजवळ आपलं म्हणावं असं त्या भाषेत एवढंच एक होतं."

"त्याच्याजवळ घर हाय, बाप हाय, लेकरं हायेत. ते राहू द्या आधी."

त्यांनी कप खाली ठेवला. हे भांडण तिथं संपलं नाही. पुढं कित्येक दिवस ते जेवताना, झोपताना, दुकानाचं शटर ओढताना निघत राहिलं. मी चूक केली, असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. पण खोटं एकदा सांगून भागत नाही, ते सांभाळावं लागतं, हा त्रास मी हिशेबात धरला नव्हता. मोबाईल परत मिळाला. मिस्टरांनी त्या गावाकडे जाणं बंद केलं. गेले असते तर ते कुठं थांबतात, हे कोणीही बघितलं असतं. त्याला निरोप द्यावा तर कोणाबरोबर? त्याच्या गावात फोन लागत नाही, आणि असा निरोप तिसऱ्याच्या तोंडी देता येत नाही. मोहाचा हंगाम गेला. आमच्याशी काय बिनसलं, असं त्याला वाटत असणार, हे मिस्टर रोज बोलून दाखवत.

मध्येच एकदा दुकानात एक अनोळखी माणूस आला. साधे कपडे, केस बारीक कापलेले. ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या, सुटे पैसे खिशात टाकले आणि म्हणाला, "काय मॅडम, आज पोल्वोतागो नाही वाटतं?"

"मिल बंद आहे," मी म्हटलं.

तो हसून गेला. मी काचेचं दार लावून घेतलं.

आमचा जुना भाडेकरू स्वतः आला तेव्हा पाऊस सरत आला होता. बापासाठी लोहाच्या गोळ्या आणि मलम घ्यायला आला होता, किंवा तसं त्यानं सांगितलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत तो कोपऱ्यात उभा राहिला. मग म्हणाला, "भाऊ काऊन येत नाई जी आता?"

मराठीत. पूर्वी तो उंबरा ओलांडला की त्या भाषेत नमस्कार करायचा.

मी त्याला सगळं सांगितलं. गोळ्या काढता काढताच सांगितलं, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला गोळ्याच दिसाव्यात.

"माझं नाव निघालं का?"

"नाही."

"मंग कोनं बनवला म्हनून सांगतलं?"

"मी बनवला म्हणून."

त्याला वाईट वाटलं असेल तर ते मला दिसलं नाही. मी त्याच्या जागी असते तर मला वाटलं असतं.

"गावात आले होते," तो म्हणाला. "गस्तीवाले. सगळ्यायले विचारून राह्यले होते, असी असी भाषा कोनाले येते का. मले विचारलं. मी म्हनलो, साहेब, मले मराठीच धड येत नाई. हासले न गेले."

"मग झालं तर."

"नाई झालं बाई. मी तुमच्या घरी राहत होतो हे आख्ख्या गावाले ठाऊक हाय. आज नाई तं उद्या कोनी सांगन. तवा मले विचारतीन. तुमी एक सांगान, मी एक सांगीन. तसं नाई जमत. काय सांगतलं ते पुरं सांगा मले."

मग मी त्याला सांगितलं. मिल, कोंडा, वारा, काचेचं दार. तो ऐकत होता आणि मधूनमधून मान हलवत होता.

"मिलची धूळ मले ठाऊक हाय," तो म्हणाला. "लय खाल्ली. सांगता येईन. कोनत्या साली बनवला?"

"साल विचारलं नाही त्यांनी."

"विचारतीन. मी यायच्या आधी बनवला म्हना. मी आलो तवा तुमी बोलतच होते, असं."

"म्हणजे तुझा काहीच संबंध नाही."

"हव. काईच नाई."

बाहेर एक ट्रॅक्टर थांबला. त्यानं तिकडे पाहिलं, आणि तो पुढं जाईपर्यंत गोळ्यांची पट्टी हातात धरून तिच्यावरचं छापलेलं वाचत राहिला. मग त्यानं हळू आवाजात सगळं एकदा म्हणून पाहिलं. बाईनं बनवला. मी यायच्या आधीचा हाय. वारा आला की मिलची धूळ दुकानात यायची, मंग बाई दार लावून घे, न म्हने, आज अंगनात काई ठेवू नका.

"अंगण नाही," मी म्हटलं. "दुकान आहे. अंगण कुठंच नाही यात."

"हव," तो म्हणाला. "अंगन नाई." आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागला.